लिफ्ट किती घ्यायची? मोठे टायर आणि गाडीची उंची: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की आमच्याकडे एकाच विषयाची पत्रं वाढतात. मोठे टायर टाकायचे आहेत, गाडी किती उचलू, म्हणजे लिफ्ट किती घेऊ? वागळे इस्टेटपासून कळंबोलीपर्यंतच्या वाचकांनी हेच विचारलंय. बहुतेक पत्रांत उंचीचा आकडा आधीच ठरलेला असतो, दोन इंच किंवा तीन इंच, आणि टायरचा विचार त्यानंतर. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. टायर आधी ठरवा, त्याला किती जागा कमी पडते ते मोजा आणि तेवढीच गाडी उचला. चॅसी आणि ॲक्सल यांना जोडणारी प्रत्येक गोष्ट, ब्रेकचा होज, शॉकअप, ॲक्सलला ताकद देणारा प्रोपेलर शाफ्ट, स्टिअरिंगचे रॉड, त्या उंचीबरोबर जागची हलते. जास्तीच्या प्रत्येक इंचासाठी यातलं काहीतरी बदलावं लागतं.

प्रश्न: माझी डबल कॅब फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). कंपनीचे टायर २५५/६० आर १८. मला २६५/६५ आर १८ ऑल-टेरेन टाकायचे आहेत. गॅरेजवाला म्हणतो, तीन इंच लिफ्टशिवाय बसणार नाहीत. रोज ऐरोली ते महापे आणि महिन्यातून एकदा माळशेजकडे जाणं होतं. खरंच तीन इंच लागतील का?
– वाचक, ऐरोली

उत्तर: नाही लागणार. आधी आकडे मांडू. २५५/६० म्हणजे टायरची रुंदी २५५ मिमी आणि भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, १५३ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणजे ३०६. त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिळवले की व्यास ७६३ मिमी. तुमच्या नव्या टायरचा व्यास याच हिशेबाने ८०२ मिमी येतो. फरक जेमतेम ३९ मिमी, आणि त्यातला निम्माच, म्हणजे १९ मिमी, चाकाच्या मध्यापासून वर, पुढे आणि मागे वाढतो. रिम तीच ठेवली तर रुंदी प्रत्येक बाजूला ५ मिमीने वाढते. १९ मिमीच्या अडचणीसाठी ७५ मिमी गाडी उचलायचं कारण नाही. पुढे ३५ ते ४० आणि मागे २५ ते ३० मिमी तुम्हाला पुरेल.

आता एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. लिफ्टमुळे गाडी उभी असताना टायरच्या वरची जागा वाढते. पण चाक पूर्ण वर दाबलं गेलं की ते बंपस्टॉपला टेकेपर्यंत जातं, आणि बंपस्टॉप तोच ठेवला असेल तर ती शेवटची जागा लिफ्टच्या आधी होती तिथेच राहते. म्हणजे खड्ड्यात आपटल्यावर जो टायर मडगार्डला घासायचा, तो लिफ्टनंतरही घासेल, फक्त कमी वेळा. तसंच स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर आतल्या बाजूला आर्मला (चाकाला चॅसीशी जोडणारी दांडी) किंवा स्टॅबिलायझर बारला (गाडी वळणावर कलू न देणारी आडवी दांडी) लागत असेल, तर त्याचा उंचीशी काहीही संबंध नाही. तो प्रश्न रुंदीचा आणि रिमच्या ऑफसेटचा, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते याचा आहे.

म्हणून लिफ्टचं सामान आणण्याआधी ही चाचणी करा. टायरच्या दुकानातून एकच नवा टायर रिमवर चढवून घ्या आणि तो पुढच्या डाव्या बाजूला लावा. मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे बोटभर जाड गोळे करून मडगार्डच्या आत, लायनरच्या मागच्या कोपऱ्यात आणि बंपरच्या टोकाला चिकटवा. मग ते चाक पायरीसारख्या रॅम्पवर हळू चढवा, म्हणजे स्प्रिंग दाबली जाईल, आणि तिथे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. माती जिथे चेपली जाईल तिथेच टायर घासणार आहे. उरलेल्या मातीची जाडी १२ ते १५ मिमी असेल तर बिनधास्त राहा. ५ मिमी असेल तर पावसाळ्यात चिखल भरल्यावर तिथे घासणारच. प्लॅस्टिकचा लायनर बऱ्याच गाड्यांत हीट गन लावून थोडा मागे बसवता येतो आणि तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. पत्र्याचा जोड आड येत असेल तर तो ठोकून वळवावा लागतो आणि वर गंजविरोधी रंग द्यावा लागतो. खाडीकाठच्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात लाल होतो.

काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचं माप घ्या: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलल्यावर ते माप फसवतं.

पुढच्या बाजूला शॉकअपच्या माथ्यावर बसणारा स्पेसर हा स्वस्त मार्ग, आणि चाकापाशी ४० मिमी उंचीपर्यंत चालणारा. शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला नाही, मध्ये कुठेतरी जोडलेला असतो. त्यामुळे २० मिमीच्या स्पेसरने चाकापाशी साधारण ३३ ते ३६ मिमी उंची मिळते. हे लक्षात न घेता ४० मिमीचा स्पेसर टाकला की गाडी जवळजवळ तीन इंच वर जाते. मग वरचा बॉल जॉइंट टोकाला पोहोचतो, ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणारा वळता सांधा) वाकडा चालतो आणि चाक लटकलं की अप्पर आर्म स्प्रिंगला जाऊन लागतो. ५० मिमीच्या पुढे जायचं असेल तर बदललेल्या कोनाचा अप्पर आर्म आणि पुढचा डिफरन्शियल खाली घेणारे स्पेसर, दोन्ही लागतात.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि चॅसीखाली जॅक स्टँड द्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. ब्रेकच्या होजची आणि एबीएसच्या वायरची क्लिप सोडवा. कॅलिपर काढावा लागला तर तारेने बांधून टांगा, होजवर लटकू देऊ नका. स्टॅबिलायझर लिंक, मग अप्पर बॉल जॉइंट, मग शॉकअपचा खालचा बोल्ट आणि शेवटी माथ्याचे नट. इथे एक कडक सूचना. माथ्यावरच्या कडेच्या नटांनाच पाना लावायचा. मधल्या नटाला हात लावायचा नाही. त्या नटाखाली दाबलेली स्प्रिंग अडकलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. स्पेसरला स्प्रिंग उघडायची गरजच नाही. कोणी उघडायला लागला, तर स्प्रिंग दाबून धरणारा चांगला कॉम्प्रेसर आहे का विचारा. नसेल तर गाडी परत घेऊन या.

जोडताना आर्मचे बुशवाले बोल्ट आधी हातानेच बसवा. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा, बंपरवर दोन-चार वेळा दाबून सस्पेन्शन बसू द्या आणि त्यानंतरच ते बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. चाक लटकलेलं असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो. मग काही महिन्यांत तो फाटतो आणि पुढून कुरकुर सुरू होते. लिफ्टनंतर लवकर बुश गेल्याची जी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

मागे पाट्यांत एक जादा पाटा घालून २५ ते ३० मिमी मिळवा. तो लांब असावा, मेन पाट्याच्या खाली बसणारा. आखूड, जाड पाटा मध्येच कडक दणका दिल्यासारखा लागतो. सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा, नाहीतर पाटे उसळून हात चिरतात. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडमधल्या भोकात बसलंय की नाही, बोटाने चाचपून पाहा. ते कडेवर टेकलं असेल तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

सगळं झाल्यावर चाकं लटकवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून प्रत्येक ब्रेक होज पाहा. कुठेही तो ताणलेला दिसता कामा नये. मग अलाइनमेंट. नुसता टो (चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर आहेत ते) जुळवून गाडी हातात देतील, त्यावर समाधान मानू नका. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) यांचे आकडे असलेला प्रिंट मागून घ्या. पुढून गाडी उचलली की कास्टर कमी होतो, स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि ठाणे-बेलापूर रोडवर मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने गाडी डगमगते. हेडलाइटही पुन्हा फोकस करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. मागची बाजू १५ ते २० मिमी उंच राहू द्या, म्हणजे सामान भरल्यावर नाक वर होणार नाही.

स्पीडोमीटर आता ५ टक्के कमी दाखवेल. काटा ८० वर असेल तेव्हा गाडी ८४ ने जात असेल. १०० किलोमीटर नोंदले तर प्रत्यक्ष १०५ झालेले असतील, म्हणून ॲव्हरेज अचानक घसरलेलं दिसतं. ते सगळंच खरं नसतं. गिअर मात्र तेवढाच उंच पडतो. गायमुखच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्यात न ओढता पहिल्यावर घ्या, क्लच वाचेल. पाचही टायर एकाच मापाचे घ्या. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून ती फोर व्हीलमध्ये वापरली तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) नुकसान होतं.

प्रश्न: माझी मालवाहू पिकअप कळंबोली स्टील मार्केटमधून माल उचलते. माल भरला की मागचा टायर मडगार्डला टेकतो. ओळखीच्या मेकॅनिकने मागे ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ५० मिमीचे ब्लॉक टाकून दिले. टेकणं थांबलं, पण तेव्हापासून उतारावर ब्रेक उशिरा लागतात आणि पुढचे पॅड लवकर संपतात. मोठे टायर टाकायचा विचार होता, तो आता थांबवलाय.
– वाचक, कामोठे

उत्तर: थांबवलात ते बरं केलंत. आणि आधी गाडीखालचा लोड व्हॉल्व्ह पाहा, आजच.

मागच्या ॲक्सलजवळ चॅसीला एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. कागदावर त्याला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की चॅसी ॲक्सलकडे खाली येते, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन घसरत नाहीत. तुमच्याकडे ५० मिमीच्या ब्लॉकने चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर ५० मिमीने वाढलं. व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे. दीड टन पोलाद मागे असताना मागचे ब्रेक जवळजवळ झोपलेले राहतात आणि सगळं काम पुढचे करतात. मुंब्रा बायपासच्या उतारावर पुढचे पॅड तापून ब्रेक मऊ पडले, की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. दांडीचं ॲक्सलकडचं टोक ब्लॉकच्या उंचीइतकंच वर यायला हवं. त्यासाठी ॲक्सलवरच्या ब्रॅकेटखाली तेवढ्याच उंचीचा तुकडा बोल्टने बसवतात किंवा लांब लिंक घालतात. दांडी वाकवून जुळवायची नाही. ती वाकवली की अंदाजच उरतो. मॅन्युअलमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या ब्रेकचा दाब दिलेला असतो. तो प्रेशर गेज लावून तपासणारं सर्व्हिस सेंटर शोधा. त्याआधी भाडं घेऊ नका.

आता मूळ दुखण्याकडे. माल भरल्यावर टायर टेकणं, याचा अर्थ पाटे बसलेत किंवा माल जास्त आहे. आरसी बुकमध्ये लिहिलेलं वजन आणि वजनकाट्याची पावती शेजारी ठेवून पाहा. ब्लॉकने उंची मिळते, ताकद एक किलोनेही वाढत नाही. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची मापं घ्या. फरक १० मिमीपेक्षा जास्त असेल तर कमी बाजूला एखादा पाटा तुटलेला असू शकतो. क्लिपच्या आत, सेंटर बोल्टजवळ बारकाईने पाहा. तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो आणि चिखलाखाली दिसत नाही. पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणारे बरेच आहेत. पण ठोकल्यानंतर पाट्याला नीट पाणी दिलं नाही, म्हणजे तापवून-थंड करून पुन्हा कडक केलं नाही, तर कमान थोड्याच महिन्यांत पुन्हा बसते. रोज स्टील वाहणाऱ्या गाडीला नवा सेट घ्या.

ब्लॉक ठेवायचेच असतील तर ते भरीव पोलादाचे किंवा कास्ट असावेत, प्रत्येक बाजूला एकच, आणि त्यात सेंटर बोल्टच्या मापाचा पिन आणि भोक असावं. एकावर एक दोन ब्लॉक, पोकळ चौकोनी पाइपचे तुकडे, लाकूड, असलं काहीही नको. पुढच्या ॲक्सलखाली ब्लॉक कधीच टाकायचा नाही. जोरात ब्रेक मारल्यावर ॲक्सल पाट्यावर पिळून फिरायला बघतो आणि ब्लॉकमुळे त्या पिळाला लीव्हर मिळते. पुढे तो ब्लॉक निसटला तर स्टिअरिंगच हातातून जातं.

प्रश्न: माझी २०२० च्या आधीची थार आहे. टायर २३५/७० आर १६ वरून २४५/७५ आर १६ केले. पुढे टॉर्शन बारचे बोल्ट फिरवून दोन इंच उचललं, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी) टाकली. आता स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून ठण्ण आवाज येतो आणि डाव्या रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसतं. बार जास्त कडक झालाय का?
– वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर: बार कडक झालेला नाही. टॉर्शन बार म्हणजे पुढे स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी दांडी. बोल्ट फिरवल्याने बार आधीपासून जरा जास्त पिळून ठेवला जातो, म्हणून गाडी वर उभी राहते. बारची मूळ ताकद तीच असते. आवाज येतो त्याचं कारण वेगळं. चाकाची वर-खाली होण्याची एकूण जागा ठरलेली आहे. गाडी वर घेतली की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. स्पीड ब्रेकरवरून उतरताना चाक खाली लटकायला जातं, आर्म रिबाउंड स्टॉपवर (चाकाला आणखी खाली जाऊ न देणारा अडथळा) आपटतो आणि तोच तुम्हाला ऐकू येणारा ठण्ण.

हे मोजून पाहा. गाडी उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. मग चॅसी जॅकवर घेऊन चाक लटकवा आणि तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे चाकाला खाली जायला उरलेली जागा. ५० मिमीच्या आसपास असेल तर ठीक. तुमच्याकडे बहुधा २० सुद्धा नसेल.

तुमच्या टायरचा व्यास ७३५ वरून ७७४ मिमी झाला, म्हणजे पुन्हा १९ मिमीचाच प्रश्न. पुढची उंची कंपनीच्या मापापेक्षा २५ मिमीवर आणा. आधी रंगाने बोल्टवर खूण करा, किती फेरे फिरवता ते लिहून ठेवा, आणि चाक लटकवून बारवरचा भार उतरवूनच बोल्टला पाना लावा. गाडीच्या वजनाखाली फिरवलेल्या बोल्टचे आटे सहज जातात. दोन्ही बाजूंचे फेरे सारखे असतीलच असं नाही. माप सारखं यायला हवं.

ग्रीस उडतंय ते सीव्ही जॉइंटच्या बूटमधून. कोन वाढल्यावर बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि चिरतात. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण फिरवून फोर व्हीलमध्ये हळू गोल चालवा. टक टक आवाज नसेल तर जॉइंट अजून शाबूत आहे. उघडून स्वच्छ धुवा, मॉलिब्डेनम असलेलं सीव्ही ग्रीस भरा, नवा बूट बसवा. आवाज येत असेल तर जॉइंट बदला. आत रेती गेलेली असते, नुसत्या नव्या ग्रीसने ती निघत नाही.

लांब शॅकलबद्दल इतकंच: शॅकल मूळपेक्षा जितकी लांब, त्याच्या निम्मीच उंची ॲक्सलपाशी मिळते. ५० मिमीने लांब शॅकल म्हणजे २५ मिमी. तेवढ्यावर थांबा. त्याहून लांब शॅकल वळणावर आडवी हलते आणि मागची बाजू झुलल्यासारखी वाटते.

प्रश्न: पिकअपला मागे ४० मिमी लिफ्ट केल्यापासून सिग्नलवरून गाडी उचलताना सीटखाली थरथर होते. ४० च्या वेगापुढे गायब होते. बॅलन्सिंग दोनदा करून झालं.
– वाचक, घणसोली

उत्तर: बॅलन्सिंगवर आणखी पैसे घालू नका. चाकाच्या बॅलन्सची थरथर ८० च्या आसपास येते आणि वेगाबरोबर टिकते. निघताना, ताकद लागताना होणारी थरथर प्रोपेलर शाफ्टच्या कोनाची. लांब पिकअपला दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. मागचा ॲक्सल खाली गेला, बेअरिंग जागेवर राहिलं, म्हणून मागच्या तुकड्याचा कोन वाढला. बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चॅसी यांच्यामध्ये दोन्ही बोल्टना सारखे ५ ते ६ मिमीचे स्पेसर देऊन बेअरिंग खाली घेऊन पाहा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं. भागलं नाही, तर ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची पाचर लागेल. ती घालताना पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जोडतो ते तोंड) कोन मोजूनच घाला, अंदाजाने नाही. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर पंचने खुणा करा. क्रॉसची जुळणी एका दातानेही चुकली तर नवीच थरथर सुरू होईल.

प्रश्न: जिम्नीला ५० मिमीच्या लांब स्प्रिंगा टाकल्या. पाम बीच रोडवर ७० च्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग इतकं हलतं की गाडी थांबवावी लागते. गॅरेजवाला जाड स्टिअरिंग डॅम्पर सुचवतोय.
– वाचक, सीवूड्स

उत्तर: डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचा शॉकअप. त्याने दुखणं झाकलं जाईल. आधी सैल काय झालंय ते शोधा. जिम्नीला पुढे अखंड ॲक्सल आहे आणि तो आडवा सरकू नये म्हणून एक लॅटरल रॉड आहे. त्याचे दोन्ही बोल्ट टॉर्कवर तपासा, आणि एकाला स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगून बुशकडे पाहा. तिथे हालचाल दिसली तर बुश बदला. मग चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवा. खेळ असेल आणि हबचं बेअरिंग ठीक असेल, तर किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं तो खिळा) बेअरिंगचा दाब कमी झालाय. तो शिम (पातळ चकत्या) काढून-घालून जुळवतात.

यानंतर भूमिती. लिफ्टने ॲक्सल पुढे फिरतो आणि कास्टर कमी होतो. तो भोक मध्यापासून सरकवलेल्या बुशने परत आणता येतो. लॅटरल रॉड तोच राहिल्याने ॲक्सल एका बाजूला ५ ते १० मिमी सरकतो. दोन्ही चाकांवर ओळंबा सोडून मडगार्डपासूनचं अंतर मोजलं की दिसतं. ॲडजस्टेबल रॉडने तो मध्ये आणा. हे सगळं होईपर्यंत ५० च्या पुढे नेऊ नका.

प्रश्न: लिफ्ट आणि मोठे टायर कायद्यात बसतात का? एमएच ०४ पासिंगची गाडी आहे, कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं दंड.
– वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२ अ (४) प्रमाणे बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनी जो मोठा टायर देते तो सर्वांत सुरक्षित. त्याचा लोड इंडेक्स जुन्या टायरपेक्षा कमी नको. १०६ म्हणजे एका टायरवर ९५० किलो, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०. लिफ्ट करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला न कळवलेला बदल दिसला की दावा अडकतो, आणि तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली असेल तर गोष्ट फार महागात जाते. बाहेर आलेले टायर आणि व्हील स्पेसर सर्वांत आधी नजरेत भरतात. तसंही ते हब बेअरिंगला वाईटच. आणि घराकडचं एक माप: सोसायटीच्या किंवा मॉलच्या पार्किंगच्या तोंडावरची उंची. कॅरिअरसकट गाडी मोजून ठेवा.

प्रश्न: गाडी उचलली की पाणी साचलेल्या रस्त्यातून जास्त खोल नेता येते ना?
– वाचक, कळवा

उत्तर: इंजिनाची हवा घेण्याची जागा लिफ्टइतकी वर जाते, हे खरं. पण ॲक्सल फक्त टायरच्या वाढलेल्या त्रिज्येइतका वर जातो, म्हणजे वरच्या उदाहरणांत १९ मिमी. त्याचा ब्रीदर (हवा येण्या-जाण्याचं तोंड) पाण्याखाली गेला की गरम डिफरन्शियल थंड होताना पाणी आत ओढतो. पाण्यातून गेल्यावर ऑइल प्लग सैल करून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनच्या बाजूला वर नेऊन बांधा, काम अर्ध्या तासाचं आहे. खोलीचा आकडा मात्र कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेलाच धरा.

प्रश्न: कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात लिफ्टचा वापरलेला सेट निम्म्या किमतीत मिळतोय. पाटे, शॅकल, यू-बोल्ट, शॉकअप. घेऊ का?
– वाचक, तुर्भे

उत्तर: पाटे आणि शॅकल घ्यायला हरकत नाही, पण तारेच्या ब्रशने साफ करून, डिझेल लावून कोरडं पुसून, खडू चोळून पाहा. तडा असेल तर त्यातून डिझेल झिरपून खडूवर काळी रेघ उमटते. शॉकअप उभा धरून दांडी पूर्ण दाबा आणि सोडा. गॅसचा शॉकअप असेल तर ती एकसारख्या गतीने वर यायला हवी. मध्येच मोकळी सुटली किंवा सीलजवळ ओल दिसली तर सोडून द्या. नव्या उंचीवर शॉकअपची लांबीही पुरायला हवी, म्हणून चाक लटकवून तो ताणला जात नाही ना ते पाहा.

यू-बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट, नवेच घ्या. एकदा टॉर्कवर आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो. दुसऱ्यांदा तो आवळल्यासारखा वाटतो, पण धरून ठेवत नाही. नवे बसवताना आटे स्वच्छ करा, चारही नट कर्णाच्या क्रमाने थोडेथोडे आवळत जा, शेवटी टॉर्क रेंच लावा. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसायला हवेत. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर पुन्हा टॉर्क तपासा. त्या वेळी नट जरासे फिरतीलच, कारण पाट्यांमधला रंग आणि गंज दबून सगळं बसतं. ५०० नंतरही दर वेळी फिरत राहिले, तर सेंटर बोल्ट भोकात नीट बसलेला नाही. उघडून पुन्हा बसवा.